पेटी पुढच्या गावाला

१७३८ सालची गोष्ट. स्कॉटलंडमधल्या ॲबरनेथी गावाजवळ मेंढरं राखणाऱ्या एका पोरक्या मुलानं एका संध्याकाळी कळप सोबत्याच्या हवाली केला आणि तो अनवाणी चालू लागला. वय सोळा. चालायचं होतं चोवीस मैल, म्हणजे जवळपास चाळीस किलोमीटर. रात्रभर चालून सकाळी तो सेंट अँड्र्यूज या विद्यापीठाच्या गावात पोचला, पुस्तकांचं दुकान शोधून काढलं आणि ग्रीक भाषेतला ‘नवा करार’ मागितला. त्याचा अवतार बघून दुकानातली माणसं हसली. तिथं आलेल्या एका प्राध्यापकांनी मात्र सांगितलं, की हे पुस्तक वाचून दाखवलंस तर ते तुझं, पैसे द्यायचे नाहीत. मुलानं उतारा वाचला, पुस्तक घेतलं आणि आला तसा पायी परत गेला. दुपारी तो पुन्हा मेंढरांमागे होता.

ही गोष्ट सांगणारे तपशील थोडे इकडचे तिकडे करतात, पण मुलगा खरा आणि त्याची भूकही खरी. जॉन ब्राउन त्याचं नाव. शाळेत तो जेमतेम काही महिने गेलेला. ग्रीक अक्षरं तो कुणाकडूनही शिकला नव्हता; बायबलमधली विशेषनामं दोन भाषांत शेजारी शेजारी लावून एकेक अक्षर त्यानं सोडवलं होतं. मास्तरांवाचून हे आलं कसं, म्हणून गावातल्या काहींनी याला सैतानानं शिकवलं असा बोभाटा केला. पुढे हाच मुलगा हॅडिंग्टन गावचा धर्मोपदेशक झाला, मोठा विद्वान म्हणून नावाजला गेला.

त्या दुकानातल्या प्राध्यापकांना हा मुलगा कोण, कुठला, काहीच ठाऊक नव्हतं. पुस्तक परत येईल, त्यातून काही निघेल, असा हिशेबही नव्हता. तरी ते पुस्तक किती दूर गेलं हे बघायचं, तर जॉन ब्राउनच्या मुलाकडे यावं लागतं.

सॅम्युएल ब्राउन हा हॅडिंग्टनमधला व्यापारी. १८१७ साली त्यानं दोनशे पुस्तकं जमवली. त्या काळात आणखी कुणी हे केलं असतं तर गावात एक खोली घेतली असती, कपाटं लावली असती आणि दारावर पाटी ठोकली असती. सॅम्युएलनं पुस्तकांचे पन्नास-पन्नासचे चार संच पाडले, ते चार पेट्यांत भरले आणि ॲबरलेडी, सॉल्टन, टिनिंगहॅम आणि गारवल्ड या आसपासच्या चार खेड्यांत एकेक पेटी पाठवून दिली. तिथं कुणीतरी होतकरू माणूस ती आपल्या घरात किंवा दुकानात ठेवून घेई आणि मागेल त्याला फुकट पुस्तक देई. दोन वर्षं झाली, की पेटी उचलायची आणि पुढच्या गावाला पाठवायची. तिच्या जागी मागच्या गावची पेटी यायची.

यातलं गणित मला फार आवडतं. गावात एका वेळी पुस्तकं पन्नासच, पण आठ वर्षांत दोनशेच्या दोनशे तिथून फिरून गेलेली. खर्च एका संचाचा, वाचायला मिळाले चार. त्याहून महत्त्वाची गोष्ट सॅम्युएलच्या ध्यानात आली होती ती माणसाच्या स्वभावाची. गावात पेटी आली की पहिले काही महिने पुस्तकांवर उड्या पडतात. मग ज्यांना वाचायचं त्यांचं वाचून होतं, उरलेल्यांना पेटीची सवय होते आणि पुस्तकं तिथंच असून दिसेनाशी होतात. पेटी हलली की सगळं पुन्हा नवं. जुनी पुस्तकं शेजारच्या गावात गेली की तिथं ती नवीन असतात. त्यासाठी ती पुन्हा छापावी लागत नाहीत.

पैसा कुठून आणायचा याचंही उत्तर त्यानं शोधलं. नवी पुस्तकं आधी वर्गणीदारांना वाचायला द्यायची. त्यांचं वाचून झालं की तीच पुस्तकं पेटीत घालून खेड्यांत फुकट सोडायची. म्हणजे वर्गणी भरणारा स्वतःसाठीच पुस्तक घेत असे, पण त्याच्या वाचनातूनच पुढच्या अनोळखी माणसाचं पुस्तक तयार होत असे. पेट्या वाढत गेल्या, चाळिसाच्या वर गेल्या. १८३९ साली सॅम्युएल वारला आणि हळूहळू ते सगळं विस्कटलं. पुस्तकं होती, पेट्या होत्या, गावंही जागच्या जागी होती. पेटी वेळेवर उचलून पुढच्या गावाला पाठवणारा माणूस तेवढा राहिला नव्हता. फिरत्या पुस्तकांचा इतिहास वाचताना हा प्रसंग पुन्हा पुन्हा भेटतो, म्हणून तो इथं सांगून ठेवला.

पेटीची कल्पना मात्र मेली नाही. १८९३ साली अमेरिकेत न्यूयॉर्क राज्याच्या ग्रंथालयानं अशाच पेट्या सुरू केल्या. मागे होते मेल्व्हिल ड्यूई. ग्रंथालयातल्या पुस्तकांच्या पाठीवर जे आकडे चिकटवलेले असतात त्या दशांश वर्गीकरणाचे जनक. एका पेटीत शंभर पुस्तकं, मुदत सहा महिने. जिथं ग्रंथालय बांधणं परवडत नव्हतं अशा वस्त्यांकडे या पेट्या जाऊ लागल्या आणि बघता बघता इतर राज्यांनीही त्या उचलल्या.

आणि इथून ही वाट आपल्याकडे वळते.

नाशिक जिल्ह्यात मालेगाव तालुक्यात कवळाणे नावाचं गाव आहे. तिथल्या एका शेतकरी घरातला मुलगा १८७५ साली बडोद्याच्या गादीवर दत्तक गेला. वय बारा वर्षं. तोवर त्याच्या हाती पाटी-पेन्सिल आलेली नव्हती. राजवाड्यात आल्यावर त्यानं मुळाक्षरांपासून सुरुवात केली, तीही एकाच वेळी मराठी, गुजराती आणि इंग्रजीची. हे महाराज सयाजीराव गायकवाड. ज्याला वाचायला उशिरा मिळालं, त्याला वाचता येण्याची किंमत ठाऊक असते. १९०६ साली त्यांनी संपूर्ण संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं. त्यापाठोपाठ प्रश्न उभा राहिला, की खेड्यातली मुलं वाचायला शिकली, आता वाचतील काय? घरात पोथी असली तर एखादी, बाकी छापील कागद म्हणजे सावकाराचा. वाचलं नाही तर शिकलेलं दोन-चार वर्षांत पुसलं जातं.

अमेरिकेत महाराजांनी ग्रंथालयं डोळ्यांनी पाहिली होती. १९१० साली त्यांनी विल्यम बोर्डन या अमेरिकन ग्रंथपालांना बडोद्याला बोलावून घेतलं. तीन वर्षांत बोर्डननी मध्यवर्ती ग्रंथालय उभं केलं, माणसं तयार केली आणि गावोगावच्या वाचनालयांची घडी बसवली. त्या घडीतही एक शहाणपण होतं: खर्चाचा एक वाटा गावकऱ्यांनी उचलायचा, तेवढाच पंचायतीनं आणि तेवढाच सरकारनं. जिथं तेवढंही शक्य नव्हतं तिथं पेट्या जात. मराठी, गुजराती, इंग्रजी पुस्तकांच्या मजबूत लाकडी पेट्या. जाण्यायेण्याचं भाडं सरकारचं. गावानं फक्त मागायचं आणि सांभाळायचं. मुलांसाठी वेगळ्या, स्त्रियांसाठी वेगळ्या. संध्याकाळी चावडीवर पेटी उघडते आहे, कुणी एक जण कंदिलाशी बसून वाचतो आहे आणि न वाचता येणारे भोवती बसून ऐकत आहेत, हे चित्र माझ्या डोळ्यांसमोर येतं. एका पुस्तकाला तिथं किती वाचक मिळत असतील हे नोंदवहीला सांगता येणार नाही.

बडोद्याच्या पेट्यांनंतर दोन दशकांनी, १९३१ साली, तमिळ मुलखात मन्नारगुडीजवळ पुस्तकं बैलगाडीत बसून गावोगाव निघाली. त्याच वर्षी एस. आर. रंगनाथन यांनी ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रं पुस्तकरूपानं मांडली. प्रत्येक वाचकाला त्याचं पुस्तक मिळालं पाहिजे, हे त्यांतलं दुसरं सूत्र कुणालाही सुचेल. तिसरं मात्र उलट दिशेनं येतं: प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक मिळाला पाहिजे. हे सूत्र वाचलं तेव्हा मी माझ्या कपाटाकडे बघितलं. वीस वर्षं न हललेली पुस्तकं तिथं उभी होती. वाचून झालेली, आवडलेली, पण पुन्हा हातात घेईन असं नक्की सांगता न येणारी. त्यांचा पुढचा वाचक कुठंतरी होता आणि मधे माझी काच होती.

कवळाण्यापासून नाशिक शंभरेक किलोमीटर. त्या नाशकातून २००९ साली पुन्हा पेट्या निघाल्या. कुसुमाग्रज प्रतिष्ठानच्या विनायक रानडे यांनी सुरू केलेल्या या योजनेचं नाव ‘ग्रंथ तुमच्या दारी’. पेटीत शंभर पुस्तकं. पेटी एखाद्या वसाहतीतल्या, गावातल्या, कचेरीतल्या वाचकांच्या गटाकडे जाते. वाचकाला वर्गणी नाही, अनामत नाही. काही महिन्यांनी पेट्यांची अदलाबदल होते. प्रत्येक पेटीतली पुस्तकं निराळी, त्यामुळे एका गटाची वाचून झालेली पेटी दुसऱ्या गटाला कोरी करकरीत. पुस्तकांसाठी पैसे देणारे दाते वेगळे असतात. कुणी वाढदिवसाला देतं, कुणी आईवडिलांच्या आठवणीसाठी. देणाऱ्याला घेणारा दिसत नाही, घेणाऱ्याला देणारा दिसत नाही, मधे पेटी तेवढी असते. या पेट्या नाशिक जिल्ह्याबाहेर, महाराष्ट्राबाहेर गेल्या आणि मग जिथं जिथं मराठी माणसं राहायला गेली तिथं, दुबई, तोक्यो, नेदरलँड्सपर्यंत पोचल्या. परदेशात मराठी पुस्तक नुसतं विकत मिळणं किती अवघड असतं हे तिथं राहिलेल्यांना विचारावं. तिथं पेटी उघडल्यावर लोक आधी पुस्तकाचा वास घेतात, असं एका मैत्रिणीनं मला सांगितलं होतं.

सॅम्युएल ब्राउनच्या पेटीत पन्नास, ड्यूईंच्या पेटीत शंभर, नाशिकच्या पेटीत शंभर. दोनशे वर्षांत आकडा फारसा बदललेला नाही. मला वाटतं याचं कारण माणसाच्या नजरेत आहे. हजार पुस्तकांसमोर नवखा वाचक बावरतो आणि ओळखीच्या लेखकाचं नाव शोधतो. शंभर पुस्तकं एका बैठकीत चाळून होतात. शिवाय पेटी परत जाणार आहे हे ठाऊक असतं. आज ना उद्या वाचू म्हणून ठेवलेलं पुस्तक राहूनच जातं. पेटीतल्या पुस्तकाला तारीख असते.

मी लहान होते तेव्हा आमच्या आळीत एक काका सायकलवरून मासिकं घेऊन यायचे. हँडलला दोन्ही बाजूंना कापडी पिशव्या, मासिकांना खाकी कव्हर, त्यावर शाईनं मोठा क्रमांक. दर आठवड्याला एक न्यायचं, एक द्यायचं. दिवाळीनंतर तर त्यांच्या फेऱ्या वाढायच्या, कारण १९०९ साली ‘मनोरंजन’नं पहिला दिवाळी अंक काढल्यापासून मराठी घराला दिवाळी अंकांची जी चटक लागली आहे ती एकट्यानं विकत घेऊन भागणारी नाही. आमच्याकडे यायच्या आधी अंक कुणाच्या घरी होता ते आम्हा भावंडांना वासावरून कळायचं. एका घराचा वास चंदनाच्या उदबत्तीचा, एका घराचा खोबरेल तेलाचा. एका घरातून आलेल्या प्रत्येक अंकातलं शब्दकोडं पेन्सिलीनं सोडवून मग खोडरबरानं काळजीपूर्वक पुसलेलं असायचं. खाचा राहायच्या. पुढच्याला कोडं सोडवण्याचा आनंद मिळावा म्हणून स्वतःची मेहनत पुसणारं ते माणूस कोण होतं, हे आम्हाला कधी कळलं नाही. त्याच्याविषयी मला वाटणारी माया अजून कमी झालेली नाही.

अनोळखी माणसाला पुस्तक देण्यातलं सुख ओळखीच्याला देण्यापेक्षा वेगळं आहे. ओळखीच्या माणसाला दिलं की उसनवारी सुरू होते. त्यानं वाचलं का, कसं वाटलं, परत कधी देणार, मागायचं कसं. आपल्याकडे तर पोथी दुसऱ्याच्या हाती गेली की गेलीच समजावी, आलीच तर मोडकी-तोडकी यायची, अशा अर्थाचं जुनं संस्कृत सुभाषितच आहे. पोथ्या हातानं लिहिणारे लहिये शेवटच्या पानावर पाठ-मान मोडल्याचं सांगून, हिला तेलापासून, पाण्यापासून, सैल बांधणीपासून जपा अशी विनवणी करत. एकेका प्रतीमागे महिन्यांचे कष्ट होते, त्यामुळे ती भीती रास्तच होती. पण भीतीचा तो वारसा छापील पुस्तकाच्या काळातही आपण जपला. किती घरांतल्या मैत्रीत एका न परतलेल्या पुस्तकाचा बारीक खडा आहे! मी अनोळखी माणसासाठी पुस्तक ठेवते तेव्हा हा सगळा हिशेब पहिल्याच क्षणी मिटतो. पुस्तक गेलेलं असतं. त्यानंतर जे काही कानावर येईल ते सगळं वरकड.

हेच सुख पद्धतशीर मिळवायची एक युक्ती अमेरिकेतल्या रॉन हॉर्नबेकर यांनी २००१ साली काढली. नाव ‘बुकक्रॉसिंग’. पुस्तकाला एक क्रमांक द्यायचा, आत चिठ्ठी चिकटवायची की मी हरवलेलं नाही, मला घेऊन जा, वाच आणि पुढे सोड. मग पुस्तक बागेतल्या बाकावर, रेल्वेस्थानकात, चहाच्या दुकानात ठेवून निघून जायचं. सापडेल त्यानं इंटरनेटवर तो क्रमांक टाकून कुठं सापडलं ते लिहायचं. बहुतेक पुस्तकांचा पुढे पत्ता लागत नाही. एखाद्याचा मात्र वर्षा-दोन वर्षांनी लागतो, कधी दुसऱ्याच देशातून. जगभरातल्या लाखो लोकांनी हा खेळ खेळला. या शब्दाला इंग्रजी शब्दकोशातही जागा मिळाली. खेळ म्हटलं तरी मला त्यात पूर्वीच्या वाटसरूंसाठी झाडाखाली पाण्याचा रांजण भरून ठेवणाऱ्यांची रीत दिसते.

२००९ साली, म्हणजे नाशिकच्या पेट्या निघाल्या त्याच वर्षी, अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात हडसन नावाच्या गावी टॉड बोल यांनी गॅरेजच्या जुन्या दाराच्या लाकडातून शाळेच्या इमारतीसारखं दिसणारं छोटं खोपटं केलं, त्यात पुस्तकं ठेवली आणि ते अंगणात खांबावर बसवलं. त्यांची आई शिक्षिका होती, वाचनवेडी होती. हे तिचं स्मारक. शेजारीपाजारी थांबू लागले, पुस्तक नेऊ लागले, ठेवू लागले. बोल यांनी तेव्हा एक आकडा डोळ्यांसमोर ठेवला: २५०९. पोलादसम्राट अँड्र्यू कार्नेगी यांनी जगभर तेवढी सार्वजनिक ग्रंथालयं बांधून दिली होती. आज अशी खोपटी शंभराहून अधिक देशांत, दीड लाखांच्या वर आहेत.

कार्नेगींच्या त्या दानाच्या मुळाशीही एक उघडं कपाट आहे. कार्नेगी गरीब विणकराचा मुलगा, लहानपणी तारघरात निरोप पोचवायचा. गावातले कर्नल अँडरसन नावाचे गृहस्थ दर शनिवारी आपली चारशे पुस्तकं कामकरी पोरांसाठी खुली ठेवत. कार्नेगींनी ते उपकार जन्मभर बोलून दाखवले. चारशे पुस्तकांच्या कपाटातून अडीच हजार ग्रंथालयं निघाली, त्या आकड्यावरून दीड लाख खोपटी. सेंट अँड्र्यूजच्या दुकानातल्या त्या एका पुस्तकाची मला इथं पुन्हा आठवण होते.

आपल्याकडे पाचगणीजवळचं भिलार हे स्ट्रॉबेरीचं गाव ४ मे २०१७ रोजी पुस्तकांचं गाव झालं. तिथं लोकांनी राहत्या घरातली एकेक खोली, ओसरी पुस्तकांसाठी मोकळी करून दिली. परक्या माणसाच्या घरात शिरून, त्याच्या खुर्चीत बसून, आतून येणारा फोडणीचा वास घेत पुस्तक वाचणं हा अनुभव मोठ्या ग्रंथालयात मिळत नाही. एकदा जाऊन यावं असं गाव आहे.

आता आमच्या जिन्याखालची गोष्ट. आमच्या इमारतीत एका घराचं स्वयंपाकघर नवं झालं तेव्हा काचेचं एक जुनं भिंतीतलं कपाट टाकून द्यायला काढलं होतं. ते आम्ही तिघींनी मागून घेतलं, धुऊन-पुसून टपालपेट्यांशेजारी बसवलं आणि त्यात पन्नास-साठ पुस्तकं लावली. कुलूप नाही, नोंदवही नाही. हवं ते न्या, नको असेल ते ठेवा.

पहिल्या महिन्यात कपाट तुडुंब भरलं आणि आम्ही निराश झालो. आलं काय होतं? दहावीची जुनी गाइडं, कंपन्यांच्या डायऱ्या, पाच खंडांतला फक्त तिसरा खंड, बंद पडलेल्या संगणकांची माहितीपुस्तकं. रद्दीवाला किलोमागे काही रुपये देतो. त्याच्याकडे न्यायचा कंटाळा आला की लोक ती इथं आणून ठेवत होते. वाचणारी माणसं दोन-तीनदा येऊन बघून गेली आणि मग यायची थांबली. तेव्हा कळलं, की पेटीला जसा हलवणारा माणूस लागतो तसा कपाटाला निवडणारा लागतो. दर रविवारी अर्धा तास आम्ही पाळीपाळीनं कपाटासमोर बसतो. गाइडं काढतो, ओल लागली असेल तर ते पुस्तक उन्हात ठेवतो, कसर दिसली तर बाजूला करतो, महिनाभर न हललेलं पुस्तक शेजारच्या वस्तीतल्या अभ्यासिकेला देतो. आणि आपल्या घरातलं एक तरी असं पुस्तक ठेवतो जे देताना हात जरा अडतो. या शेवटच्या गोष्टीनं फरक पडला. कपाटात जीव असलेली पुस्तकं दिसू लागली तशी लोकही आपल्या जिवातली आणू लागले. एका आजोबांनी आपली शिकारकथांची सगळी चळत आणून ठेवली आणि दुसऱ्या दिवशी ती आहे की गेली हे बघायला दोनदा खाली आले. गेली होती. त्यांचा चेहरा बघण्यासारखा होता.

मी ठेवलेलं पुस्तक होतं दुर्गा भागवतांचं ‘ऋतुचक्र’. माझ्याकडे त्याच्या दोन प्रती झाल्या होत्या. मोठ्या मनानं नवी ठेवली आणि जुनी घरात राखली. कुणी नेली ते कळलं नाही. ही गोष्ट मागच्या वर्षी होळीच्या आधीची.

या वर्षी माघ संपता संपता ती प्रत मला पुन्हा कपाटात दिसली. कव्हर खाकी कागदाचं, कोपरे नीट दुमडलेले. चाळताना फाल्गुनाच्या पानांशी थांबले. समासात पेन्सिलीनं बारीक अक्षरात लिहिलं होतं: ‘भोर, ३ मार्च. घाटाच्या पहिल्या वळणावर पळस.’ त्याखाली निळ्या शाईत, वेगळ्या तिरप्या अक्षरात: ‘आमच्याकडे ११ मार्च. विहिरीजवळचा. मागच्या वर्षी पाडला असं वाटलं होतं, पण फुटवा आलाय.’ पुढे वैशाखाच्या पानांवर त्याच निळ्या शाईत बहाव्याची तारीख आणि तिच्यापुढे पेन्सिलीत एक प्रश्न: ‘कुठला? कॅनॉलवरचा का?’ याचा अर्थ पुस्तक एकदा पेन्सिलवाल्याकडे, मग शाईवाल्याकडे आणि परत पेन्सिलवाल्याकडे जाऊन आलं होतं. दोघं एकमेकांना ओळखत असतील का? समासातला तो प्रश्न वाचून वाटत तरी नव्हतं. आमच्या कपाटातून नेतात, परत आणून ठेवतात, मधे एकमेकांसाठी लिहितात.

पुस्तकात लिहिणं मला एरवी आवडत नाही. ग्रंथालयाच्या पुस्तकात तर कुणी लिहूच नये. पण तो समास मी किती वेळ बघत बसले होते. मग पुस्तक चार दिवस घरी ठेवून घेतलं. रोज सकाळी दूध आणायला जाताना टेकडीच्या पायथ्याशी जो पांगारा आहे त्याच्याखाली थांबून वर बघायचे. चौथ्या दिवशी एका निष्पर्ण फांदीच्या टोकाला तांबडा ठिपका दिसला. घरी येऊन पेन्सिलीला टोक काढलं, पान शोधलं, तारीख घातली, ‘टेकडीखालचा, डावीकडचा’ असं लिहिलं आणि रविवारी संध्याकाळी पुस्तक कपाटात मधल्या फळीवर, पाठ बाहेर करून ठेवलं.

सोमवारी सकाळी फळीवर तेवढीच मोकळी जागा होती.